रेसिडेंट मेमरीचा (प्रोसेसची प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) आकडा अंदाजे चालेल का?

पेजमोजणी (धागाकर्ता)
आमच्याकडे 128 कोअरचं आर्म मशीन आहे, लिनक्सचं पेज (मेमरी मोजायचा एक तुकडा) 64 केबीचं. त्यावरची एक छोटी सर्व्हिस नीट उत्तरं देत होती, पण टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारा प्रोग्रॅम) तिच्या आरईएसच्या, म्हणजे रेसिडेंट मेमरीच्या, रकान्यात शून्य! दोन दिवस मी आमच्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो.

कारण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, निघालं. 6.2 आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी 2023 पासून, प्रत्येक प्रोसेसची पेजेस मोजणारे काउंटर पर-सीपीयू, म्हणजे दर कोअरला वेगळे, झाले. प्रत्येक कोअर आपली नोंद आपल्यापाशी ठेवतो आणि मर्यादा गाठली की मगच मुख्य आकड्यात टाकतो. मर्यादा 32 किंवा कोअरच्या दुप्पट, जे जास्त असेल ते. आमच्याकडे 256 पेजेस, म्हणजे 16 एमबी. तेवढं एकेका कोअरच्या खिशात राहू शकतं आणि आमच्या कर्नलवर टॉपला दिसतो फक्त मुख्य आकडा. माझं म्हणणं, लिहिताना अंदाज ठेवा, पण वाचणाऱ्याला खरी बेरीज द्या.

कॅशलाइन
मला नाही पटत. सामाईक काउंटर असला की दर पेज फॉल्टला (नवं पेज मागताना) प्रोसेसचा प्रत्येक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारा धागा, त्याच कॅशलाइनवर (कोअरच्या कॅशमधला छोटा तुकडा) लिहायला धावतो आणि ती लाइन कोअरकोअरमध्ये फिरत राहते. 4 केबीच्या पेजेसनी 1 जीबी भरायला 2,62,144 पेजेस लागतात. हे टाळायलाच तर अंदाज आला. आता खरी बेरीज मागितली की लॉक घेऊन सगळ्या कोअरच्या नोंदी चाळायच्या. मॉनिटरिंगने 3,000 प्रोसेस वाचल्या तर एकेका काउंटरमागे दर फेरीला 3,84,000 नोंदी. दहावीस एमबी इकडेतिकडे झाल्याने कुणाचं अडतं?

पेजमोजणी
दहावीस नाही हो. 128 कोअर गुणिले 16 एमबी, चूक 2 जीबीच्या घरात जाऊ शकते. मेमरी संपली (आउट ऑफ मेमरी, ओओएम) की कुठली प्रोसेस मारायची हे कर्नलमधला ओओएम किलर मुख्यतः या आकड्यांवरूनच ठरवतो. 2025 मध्ये कर्नलवाल्यांनीही प्रॉकमधल्या (टॉप जिथून वाचतो त्या कर्नलच्या फाइल्स) आकड्यांसाठी पूर्ण बेरीज आणली, ती उगाच नाही.

बिल्डवाली
तुम्ही दोघंही मोठ्या प्रोसेसचं बोलताय. मी दिवसभर बिल्ड चालवते, म्हणजे कोडचे प्रोग्रॅम बनवते. मेक हे बिल्डचं साधन हजारो कंपायलर उठवतं, बहुतेक एकाच थ्रेडचे, क्षणात संपणारे. प्रत्येकाच्या जन्माला चार काउंटर, दर कोअरला प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 128 कोअरवर 2 केबी मागायचे, शून्य करायचे आणि मरताना सगळ्या कोअरची बेरीज करून तपासायची. महिनोन्‌महिने चालणाऱ्या डेटाबेसला हे परवडतं, अर्ध्या सेकंदाच्या कंपायलरने हा भुर्दंड का भरायचा? दुसरा थ्रेड येईपर्यंत साधा काउंटर ठेवा.

कॅशलाइन
थ्रेड एक असला तरी लिहिणारा एकच नसतो, ताई. मेमरी कमी पडली की केस्वॅपडी, मेमरी मोकळी करणारा कर्नलचा थ्रेड, दुसऱ्या कोअरवरून त्याच प्रोसेसची पेजेस काढतो आणि हाच काउंटर घटवतो. दोघांनी एकदम साध्या व्हेरिएबलवर लिहिलं तर एक नोंद हरवणार.

बिल्डवाली
मग दोन ठेवा. प्रोसेसचा स्वतःचा साधा, बाहेरून येणाऱ्यांसाठी अ‍ॅटॉमिक, म्हणजे एकदम लिहिलं तरी नोंद न हरवणारा. बाहेरचे क्वचितच येतात.

पेजमोजणी
हे मला आवडलं. वाचताना दोनच आकड्यांची बेरीज, आणि माझ्या त्या छोट्या सर्व्हिसला थ्रेड एकच आहे. पण शेकडो थ्रेडच्या डेटाबेसला मी अजूनही पूर्ण बेरीजच मागेन, वाचायला वेळ लागला तरी.

कॅशलाइन
तिथे मी विरोधातच. पूर्ण बेरीज मॉनिटरिंगसाठी दर पाच सेकंदांनी नको, ओओएमच्या वेळी करा.