मूल वॉर्डात, आपण दाराबाहेर: तुमचे अनुभव लिहा

धाकटी १५ वर्षांची असताना २९ दिवस मानसोपचार वॉर्डात होती. त्या दिवसांत आजाराबद्दल वाचायला ढिगानं मिळालं, पण दाराबाहेर बसलेल्यांनी कसं निभवायचं, त्यांच्या आसपासच्यांनी काय करायचं, यावर अक्षर सापडलं नाही. म्हणून हा धागा. आई-बाबा, भावंडं, आजी-आजोबा, शेजारी, नर्स, आणि त्या वेळी स्वतः आत असलेली मुलं, सगळ्यांनी लिहा. गोळ्यांचे डोस आणि डॉक्टरांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. अ‍ॅडमिट करताना नर्सनं तिची बॅग टेबलावर रिकामी केली. बुटांच्या लेस काढल्या, चार्जर बाजूला ठेवला, स्पायरलची वही नको म्हणाली. मग हूडीची नाडी ओढून काढायला लागली. ती गाठीपाशी अडकली तर बाईंनी गाठ नखानं सोडवली, घाई न करता. सगळं एका पारदर्शक पिशवीत घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे इथं सगळ्यांचंच काढतो. तुमची मुलगी वेगळी आहे म्हणून नाही." त्या महिन्यात मला कुणी दिलेला पहिला आधार तो.

दुसरा आधार बहिणीचा. फोनला उत्तरं देऊन माझा जीव मेटाकुटीला आला होता. ती म्हणाली, "तू फक्त मला कळव. बाकीच्यांना काय सांगायचं, किती सांगायचं, ते मी बघते." रोज रात्री तिला दोन ओळी पाठवायचे. बस.

एक वडील (मुलगा तेव्हा १७ वर्षांचा, पहिलाच सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं)

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात आजारापेक्षा 'कुणामुळे झालं' यावरच जास्त बोलणं झालं. माझ्या सख्ख्या बहिणीनं सरळ बायकोकडे बोट दाखवलं. नंतर कळलं की या बोटाला जुना इतिहास आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' अशी कल्पना मांडली होती. शास्त्रानं ती कधीच टाकून दिली. नातेवाइकांपर्यंत अजून बातमी पोचलेली नाही.

कुटुंबाच्या सेशनमध्ये सोशल वर्करनी दुसरी गोष्ट सांगितली. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की हॉस्पिटलातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले पुरुष रुग्ण, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडतात. पुढे शोधत गेल्यावर सापडल्या त्या घरातल्या टीका, राग, आणि अति काळजी. हो, अति काळजीसुद्धा. मी टीका करणारा, बायको अति काळजी करणारी, म्हणजे आमच्याकडे संच पूर्ण होता! मी लगेच विचारलं, "म्हणजे आमच्यामुळेच ना?" त्या म्हणाल्या, आजार कशानं झाला आणि तो उलटू नये म्हणून घरात काय बदलता येईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला इथंच ठेवून जा.

मग आम्ही वाक्यांची तालीम केली, अक्षरशः. "अजून आंघोळ नाही केलीस?" याच्याऐवजी "पाणी तापलंय." इतकंच म्हणून खोलीतून बाहेर पडायचं. पहिले दहा दिवस मला ते नाटक वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

धाकटी बहीण (तेव्हा ११)

शाळेत 'दादाला ताप आलाय' असं सांगायला सांगितलं होतं. तो ताप २३ दिवस चालला. बाईंनी "कसला ताप गं?" विचारल्यावर मी एक मोठं नाव ठोकून दिलं, आणि मग ते लक्षात ठेवायची धडपड.

घरात कुणालाच माहीत नव्हतं, की त्याला नेलं त्याच्या आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी "मरत का नाहीस" म्हणाले होते. लहान मुलं म्हणतात तसं. हे मी तीन आठवडे पोटात ठेवलं. शेवटी मावशीनं विचारलं. तिनं "काय झालंय?" असं विचारलंच नाही, "तुझ्यामुळे झालं असं वाटतंय का तुला?" असं विचारलं. मग तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या: दादाचं मन आजारी आहे, ते तुझ्या बोलण्यानं झालेलं नाही, आणि ते तुझ्या अंगाला लागत नाही. त्यानंतर दर शनिवारी ती मला कुठंतरी न्यायची आणि दादाचा विषय मी काढेपर्यंत काढायची नाही.

एक आजोबा

मी फक्त गाडी चालवली. सून मागं बसायची. "रेडिओ लावू का?" एवढंच विचारायचो. कधी हो म्हणायची, कधी नाही.

वॉर्डातली नर्स

पालक ज्यावर चिडतात अशा दोन गोष्टी आधी सांगते.

एक, अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणं तोडण्याच्या आजारात, "एवढी वाळलीय आणि तुम्ही एवढंसंच खायला देता?" फार काळ उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं. म्हणून हळूहळू वाढवतो आणि सारखं रक्त तपासतो.

दुसरं, "आठवडा झाला, काहीच फरक नाही." नैराश्याच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात औषध बदला म्हणून मागं लागू नका. पण सुरुवातीच्या दिवसांत मूल अस्वस्थ, चिडचिडं झालं किंवा मरणाबद्दल बोलायला लागलं, तर ते मात्र लगेच सांगा.

आणि जे कुणी विचारत नाही ते: घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचे असतात. नातेवाईक मात्र त्याच दिवशी पेढे द्यावेत तसे अभिनंदनाचे फोन करतात आणि मग गायब होतात. घरातली सगळी औषधं, आजीची सुद्धा, कुलपात गेली पाहिजेत. पुढच्या भेटीची तारीख हातात घेतल्याशिवाय निघू नका, आणि रात्री दोनला फोन कुणाला करायचा ते लिहून घ्या. मदत करायची असेल तर ती तेव्हा करा.

तेव्हा आत असलेला

१६ वर्षांचा होतो. पहिले दोन दिवस आईशी बोललो नाही. तिनंच मला इथं टाकलं, हा राग. ती यायची, समोर बसून शब्दकोडं सोडवायची आणि एखादा शब्द मोठ्यानं विचारायची. तिसऱ्या दिवशी तिनं 'किनारा' शब्द तीनदा चुकीचा भरला. मला राहवलं नाही.

तिला तो येत होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

धागाकर्ती

पिशवीचं काय झालं म्हणून विचारलंत. डिस्चार्जला नेली होती बरोबर. लेस तिनं गाडीतच ओवल्या. हूडीची नाडी सेफ्टी पिनेला लावून घरी ओवत बसलो दोघी, ती निम्म्यात अडकली आणि तशीच राहिली. हूडी अजून घालते. एका बाजूनं नाडी लोंबते, दुसरं भोक रिकामं.