गम्बोरो: व्हीपी२ च्या सिक्वेन्समध्ये दोन-दोन शिखरं, लस की फील्ड व्हायरस?

नाशिकमध्ये सिन्नरच्या बाजूला एका ब्रॉयलर फार्मवर लस देऊनही गम्बोरोने (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) मर लागली. बर्साचे (कोंबडीच्या रोगप्रतिकारक अवयवाचे) नमुने एफटीए कार्डावर (नमुना टिकवणारा रसायनयुक्त कागद) घेऊन विषाणूच्या कवचाचं प्रथिन बनवणाऱ्या व्हीपी२ जनुकाचा सर्वाधिक बदलणारा भाग सँगर पद्धतीने सिक्वेन्स करून घेतला. बाकी सगळं स्वच्छ, घोळ नेमका मोक्याच्या जागी! कोडॉन (एका अमिनो आम्लाचा तीन अक्षरी संकेत) २२२ मध्ये सी आणि जी, २९९ मध्ये ए आणि जी यांची शिखरं एकावर एक. म्हणजे प्रोलिन/अलानिन आणि अस्पॅराजिन/सेरिन, दोन्ही वाचता येतात. अलानिन-सेरिन विषाणूच्या अतितीव्र प्रकारात दिसतात, हे माहीत आहे.

नवा आरएनए काढून आरटी-पीसीआर (आरएनएवरून डीएनएच्या भरपूर प्रती बनवणं) परत केलं; फॉरवर्ड, रिव्हर्स दोन्हीकडून तेच. निगेटिव्ह कंट्रोल कोरा. इंटरमिजिएट प्लस (जरा जास्त तीव्र) जिवंत लस नमुन्यांच्या थोडंच आधी पाण्यातून दिली होती, म्हणून दोन विषाणूंची सरमिसळ असावी असं वाटतं. कार्डावर विषाणू निष्क्रिय होतो, तेव्हा अंड्यात वाढवायचा सल्ला नको. एनजीएसला (एकाच वेळी असंख्य तुकडे वाचणारं सिक्वेन्सिंग) पैसे नाहीत.

पीसीआर प्रॉडक्ट क्लोन करून (एकेक तुकडा जिवाणूत वेगळा वाढवून) सिक्वेन्स केलं तर किमान किती क्लोन बघावेत? आणि अलानिन-सेरिन एकाच क्लोनमध्ये सापडले, तरी ती जोडी दोन वेगळ्या विषाणूंच्या तुकड्यांतून पीसीआरमध्येच जुळलेली नाही हे कसं ओळखायचं?