माळ्यावरची ट्रंक आणि आपल्या जिन्याचा मनोरा

९ नंबर: मंडळी, रंगकामासाठी माळा रिकामा करायला घेतला आणि बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत इंद्रजाल कॉमिक्सची चळतच्या चळत! वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर. डांबरगोळ्यांमुळे बरेच अंक वाचलेत, तळाच्या थराला मात्र कसर लागलीय. फोटो टाकतोय.

४ नंबर: अरे, काय काढलंस हे सकाळी सकाळी! वेताळचे अंक आम्ही भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. माझे सगळे रद्दीत गेले. एक तरी अंक हातात घेऊ दे. संध्याकाळी येतो.

९ नंबर: या ना काका. हात मात्र कोरडे ठेवा, कागद फार ठिसूळ झालाय.

सेक्रेटरी: छान आहे, पण ग्रुपवर आधी मुख्य विषय. रंगाचं कोटेशन आलंय. जिन्याच्या दर्शनी भागावर एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचं चकचकीत आवरण) लावायचं आणि सगळ्या गॅलऱ्यांना एकसारखी बॉक्स ग्रिल बसवायची, असं कॉन्ट्रॅक्टर सुचवतोय. गळती थांबेल म्हणतो. रविवारपर्यंत मत कळवा.

९ नंबर: काका, मला याच विषयावर बोलायचंय, आणि त्यासाठीच कॉमिक्सचे फोटो टाकले. कृपया पूर्ण वाचा.

रात्री दोनपर्यंत पानं उलटत बसलो होतो. फ्लॅश गॉर्डनचं हे पान बघा. या चित्रकथेचे चित्रकार पुढे बदलले, पण त्या जगाचा पहिला आराखडा अलेक्स रेमंड यांचा, १९३४ सालचा. निमुळते मनोरे, गोलाकार कोपरे, भिंतीवरून पळणाऱ्या आडव्या पट्ट्या. आता खाली जाऊन रस्त्याच्या पलीकडून आपली बिल्डिंग बघा. प्रवेशद्वारावर १९३७ कोरलंय. कोपऱ्यावरची गॅलरी वळून जाते, छज्जे एकाखाली एक धावतात आणि मधोमध जिन्याचा मनोरा सरळ वर चढतो. इतकी वर्षं इथे राहतोय, पण हे साम्य मला काल रात्री पहिल्यांदा दिसलं.

११ नंबर: दादा, हे साम्य उगाच नाही. आमच्या कॉलेजात हेच शिकवतात. त्या दशकात जगभर वेगाचं वेड होतं. विमान, आगगाडी, आगबोट यांचे आकार घरांमध्ये, रेडिओमध्ये, चित्रांमध्ये सगळीकडे उतरले. मुंबईत त्याच सुमाराला आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट, रुळलं, त्यामुळे गॅलरी खांबाशिवाय बाहेर काढता आली, कोपरा वळवता आला. ओव्हल मैदानासमोरची रांग, मरीन ड्राइव्ह, आपलं दादर-माटुंगा हे सगळं त्याच काळातलं. ओव्हलचा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. आपली बिल्डिंग त्या यादीत नाही, पण वंश तोच.

९ नंबर: आणि एक गंमत. वेताळ १९३६ मध्ये जन्मला, ली फॉक यांच्या डोक्यातून. फोर्टमधली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारतही १९३६ चीच! उंच उभ्या पट्ट्या आणि भिंतीवर एन. जी. पानसरे यांनी घडवलेली कष्टकऱ्यांची शिल्पं. मी त्यासमोर उभा राहतो तेव्हा एखाद्या अंकाच्या मुखपृष्ठासमोर उभा असल्यासारखं वाटतं.

४ नंबर: इंद्रजाल आपल्याकडे मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, पहिला अंक वेताळचाच. पण मला सांग, वेताळच्या चित्रकारांपैकी तुला साय बॅरी आवडतो की विल्सन मॅकॉय? मला मॅकॉय. साधी सरळ रेघ, पोरालाही कळेल अशी.

९ नंबर: मॅकॉयचा गोडवा मान्य काका, पण मी बॅरीचा. १९६१ पासून वेताळ त्याच्याकडे आला आणि चित्रात सावली आली. कवटीच्या गुहेचं हे चित्र बघा, निम्मी चौकट नुसती काळी शाई आहे, आणि त्या काळ्यामुळेच माणूस पुढे येतो. काळं कुठे भरायचं आणि कुठे कागद कोरा सोडायचा, यातच त्याची कला आहे.

आपल्या बिल्डिंगचंही तसंच आहे. इथे शाईचं काम ऊन करतं. दुपारी छज्ज्याखाली जी सावली पडते ती वास्तुविशारदाने ओढलेली रेघ आहे, सकाळी बारीक, दुपारी जाड. गॅलऱ्यांना बाहेर आलेली ग्रिल लावली की खोली जाते, सावल्या तुटतात. मनोऱ्यावर चकचकीत शीट आलं की ती उभी रेघही गेली. ट्रंकेत एक अंक असा आहे की छपाईत रंग रेघेबाहेर सरकलाय, वेताळाचा चेहराच हरवलाय. आपल्या घराचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सेक्रेटरी: भावना कळली. पण ३ नंबरच्या भिंतीतून पाणी झिरपतं, ते कोण थांबवणार?

११ नंबर: काका, मी काल गच्चीवरून वाकून बघितलं. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक बारीक खाच असते. पाणी तिथे तुटतं आणि खाली ठिबकतं, भिंतीकडे येत नाही. दर रंगकामात पुट्टी भरून भरून ती बुजलीय, म्हणून पाणी मागे वळून भिंतीत शिरतं. खाच मोकळी करायची, छज्ज्याचा वरचा उतार नीट करायचा. शीट लावलं तर ओल आत कोंडेल, दिसणार नाही एवढंच.

१ नंबर: मुद्दा पटला. अवांतर: आम्ही पणजीला कला अकादमीत गेलो होतो. चार्ल्स कोरियांची इमारत, अगदी साधी, मांडवीकडे मोकळी होत जाणारी. आणि आत सभागृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी बाल्कन्या आणि त्यांत बसलेली गोव्याची माणसं रंगवलीत. नाटक सुरू व्हायच्या आधीच नाटक! व्यंगचित्रकाराला एवढी मोठी भिंत देणाऱ्या कोरियांचं मला फार कौतुक वाटतं.

९ नंबर: वा! हे मला बघायचंय.

३ नंबर: आजी बोलतायत, मी टाइप करतोय. "मी १९६१ साली लग्न होऊन या घरात आले. तेव्हा बिल्डिंग फिकट पिवळी होती आणि छज्ज्यांच्या पट्ट्या विटकरी. जिन्यातली मोझॅक लादी मी सणाला स्वतः पुसायचे. ती झाकू नका. गळतीचं त्या मुलीने सांगितलं तसं करून बघा, माझी हरकत नाही."

४ नंबर: आजी, फिकट पिवळा आणि विटकरी! जुन्या मुखपृष्ठांचे रंग आहेत हे.

सेक्रेटरी: आजींच्याच घरात गळती आणि त्याच म्हणतायत, तर शीट आणि ग्रिलचं कोटेशन थांबवतो. छज्ज्याच्या खाचांचं वेगळं कोटेशन मागवतो. जुना रंग नक्की कोणता ते कसं ठरवायचं?

११ नंबर: प्रवेशद्वारावरच्या अक्षरांच्या मागे ब्रश पोचत नाही, तिथे जुना थर शाबूत असेल. हलक्या हाताने खरवडून बघू.

सेक्रेटरी: उद्या सकाळी साडेनऊ. रंगाऱ्याला बोलावतो. ९ नंबर, तुमच्याकडची उंच शिडी आणा.

९ नंबर: आणतो. आणि ट्रंकही खाली आणतो, काकांना संध्याकाळपर्यंत धीर निघणार नाही.