माळावरचा रानससा आणि डोंबारी चंडोल

प्रश्न : पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर रानससा आणि डोंबारी चंडोल हे दोघेही उघड्या जमिनीवरच पिल्ले वाढवतात. मग त्यांच्या पद्धतींत नेमका फरक कोणता?

उत्तर १ : फरक पिल्लांत आहे. रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, त्यामुळे मादी दूध पाजण्यापुरती येते. चंडोलाची पिल्ले मात्र आंधळी असतात, म्हणून ढेकळाच्या आडोशाला केलेल्या खळग्यातल्या घरट्यासाठी नर-मादी दोघांनाही राबावे लागते.

उत्तर २ : संकटात दोघेही प्रथम दबून बसतात. चंडोल नराचे काळे पोट तेव्हा झाकले जाते आणि मातकट पाठ तेवढी दिसते, ही मला विशेष गंमत वाटते.

उत्तर ३ : माळावर सरसकट झाडे लावल्यास अधिक नुकसान चंडोलाचेच होते, ससा झुडपांतही निभावून नेतो.