काका घोरत होते म्हणून आम्ही थांबलो. सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबणं, नेमका कधी सुरू करायचा?

सांजवेळ:
मागच्या मंगळवारी शेजारचे काका चहाचा कप हातात असतानाच खुर्चीवरून कलंडले. वय 61. चौघांनी उचलून कॉटवर निजवलं. एकीने कांदा फोडून नाकाशी धरला, मी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळपाय चोळत होतं. मधूनच मोठा घोरल्यासारखा आवाज यायचा, जबडा हलायचा. सगळे म्हणाले, श्वास चालू आहे, घाबरू नका. रिक्षात घालून नेलं, पण तोवर आटोपलं होतं.

मला तेव्हा सीपीआर आठवला होता हो. पण श्वास चालू असलेल्या माणसाची छाती दाबली आणि भलतंच झालं तर, म्हणून हात पुढे गेला नाही. ते घोरणं म्हणजे काय होतं? आणि कॉटवर दाबलं असतं तर चाललं असतं का?

चहाबाज:
आमच्याकडे एकदा फीट समजून चप्पल हुंगवली होती. पण आधी नाडी बघायची ना?

जुनी_सिस्टर:
नाडी शोधत बसू नका. 27 वर्षं आयसीयूत काढली, तरी गडबडीत कितीदा माझीच नाडी माझ्या बोटाला लागायची. तुम्हाला काय कळणार?

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ नाही आणि छाती नीट, एकसारखी वरखाली होत नाही, एवढं 10 सेकंदांत ठरवा. सांजवेळ, तुम्ही ऐकलंत ते घोरणं नव्हतं. पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो तसे ते आचके. हृदय थांबल्यावरही मेंदूचा खालचा भाग थोडा वेळ धडपडतो, त्याचे. तो श्वास धरायचा नाही, दाबायला लागायचं. भल्याभल्यांना फसवतो तो, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. आणि समजा अंदाज चुकला, माणूस जिवंतच होता, तर तो हात झटकेल, कण्हेल. तेव्हा थांबा.

कॉट नको. गादी दबते, छाती दबत नाही. चादरीसकट फरशीवर उतरवा. एकाने 108 लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. तुम्ही बाजूला गुडघ्यांवर. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, जोर अंगाच्या वजनाचा. मोठ्या माणसाला 5 सेंटिमीटर खाली, 6 च्या पुढे नाही. मिनिटाला 100 ते 120. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. लोक दमले की छातीवर रेलून राहतात, मग हृदयात रक्त भरणार कुठून?

कट्ट आवाज येईल. बरगडी गेली समजा. थांबायचं नाही, बरगडी नंतर जुळते.

तोंडाने श्वास द्यायला शिकला नसाल तर मोठ्या माणसाला नुसतं दाबत राहा. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर श्वासाची गरज जास्त. जमत असेल तर 30 दाब, 2 श्वास. लहान मुलाला एका हाताने, छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. तान्ह्या बाळाचं तंत्र वेगळं, ते इथे वाचून नको, वर्गात शिका.

परेड_मैदान:
वेगासाठी आमच्या एनसीसीच्या उस्तादांनी सोपं सांगितलं होतं: 'तेज चल'चा ठेका मनात धरा. मोठ्याने मोजा म्हणजे मध्येच पळत सुटत नाही. मी वर्गातल्या पुतळ्यावर घाईघाईत 140 ला पोचलो होतो.

दोन शंका. बाई असेल तर लोक मागे सरतात. आणि रस्त्यावर कुणी असेल तर पोलिसांचं लफडं?

जुनी_सिस्टर:
बाई असली तरी हाड तिथेच असतं. पदर, मंगळसूत्र बाजूला करा आणि दाबा. बघ्यांना पाठ करून उभं राहायला सांगा, तेवढाच आडोसा.

पोलिसांचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही. घरात पडलेल्या माणसाच्या बाबतीत तर मला आजवर कुणी काही विचारलेलं आठवत नाही.

आणि हो, दर 2 मिनिटांनी माणूस बदला. घरात चौघं होतात ना? चौघांनाही काम होतं. सराव मात्र जित्या माणसावर नको, घट्ट वळकटीवर करा.

सांजवेळ:
आत्ता वळकटीवर करून पाहिलं. दीड मिनिटातच हात भरून आले. नवऱ्याला म्हटलं, बस आता तू.

जुनी_सिस्टर:
कोपरं वाकवली असणार. पुन्हा करा.