‘उदयोन्मुख प्रदूषके’ : गावात काय म्हणावं?

पळसपान
बुटीबोरीच्या पलीकडल्या एका गावात ग्रामसभेसाठी पत्रक करतेय. घातक कचरा पुरलेल्या जागांभोवतीच्या पाण्यात नवनवी रसायनं कशी शोधतात, हा विषय. ‘इमर्जिंग कन्टॅमिनन्ट्स’ला मी ‘उदयोन्मुख प्रदूषके’ लिहिलं. शेजारच्या काकाजींना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “उदयोन्मुख त कवी असते वो बाई, नाहीतर कबड्डीवाला.” मग ‘घातक कचऱ्यातून नव्याने उगवणारी’ केलं. त्यावर मान डोलावून म्हणाले, “गाजरगवत म्हना ना मंग. फुलावर याच्या आधी उपटून टाका.”

आपल्याकडे कचरा म्हणजे वावरातलं तण, हे मी पुण्यात आठ वर्षं राहून विसरले होते. शब्द सुचवा.

जुना_तलाठी
सरकारी कागदावर ‘घातक कचरा’च आहे, तो बदलू नका. उद्या अर्ज करायची वेळ आली तर गावाला तोच शब्द लागेल.

मुळशोध्या
‘घातक’चीही गंमत बघा. आमच्या वडिलांच्या तोंडी ‘घात आली’ म्हणजे जमिनीला पेरणीजोगी ओल आली. ती घात आली की शेतकरी खूश, तो घात झाला की बुडाला. माझ्या मते दोन्हींचं मूळ संस्कृत ‘हन्’ (मारणे) धातूतच असावं.

सावजी_तिखट
तुमच्या मते सगळ्याचंच मूळ कुठल्या तरी धातूत असते.

परीक्षानळी
मूळ राहू द्या, मुळात शब्दच खोटं बोलतो. मी पाण्याचे नमुने तपासतो. पीएफओए हे रसायन १९५०च्या दशकापासून न चिकटणाऱ्या तव्यांचा लेप बनवताना वापरात होतं. टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात ते आलं २०१९ला, त्याचा भाऊ पीएफओएस २००९ला. उगवलं काहीच नाही, आपल्याला दिसलं उशिरा.

कारण नमुना आमच्याकडे येतो तो यादीसकट. शिसं बघा, क्रोमियम बघा, अमुक कीटकनाशक बघा. यादीत नाही ते पाण्यात असूनही अहवालात नसतं. डायॉक्सेनचं तेच झालं. ते धातू धुवायच्या एका द्रावकात टिकाऊपणासाठी घालत. जुन्या जागांवर द्रावक वर्षानुवर्षं मोजला, सोबतचं डायॉक्सेन कोणी बघितलंच नाही. ते पाण्यात पुरतं मिसळतं आणि द्रावकाच्या पुढे पळतं. आता यादीबाहेरचंही शोधतात. यंत्राच्या आलेखावर एक शिखर दिसतं, त्याचं वस्तुमान कळतं, नाव मात्र नसतं. नाव लावायला कधी कधी महिने जातात. म्हणून ‘नव्याने ध्यानात आलेली प्रदूषके’.

शुद्धमती
चार शब्दांची मालगाडी! ‘नवज्ञात’ म्हणा. आणि ‘प्रदूषके’ही चूक. अपाय करतं ते प्रदूषक, नको तिथे नुसतं मिसळलेलं ते वेगळं. त्याला आपला अस्सल शब्द आहे, विटाळ. पाणी विटाळलं, बाटलं. गावात लगेच कळेल.

निळी_पहाट
कळेल, फार चांगलं कळेल. याच शब्दानं माझ्या आजीला विहिरीच्या काठावर चढू दिलं नव्हतं. ती खाली घागर ठेवून उभी राहायची, कोणी वरून ओतलं तर पाणी. १९५६ला नागपुरात दीक्षा घेऊन आल्यावर तिनं हा शब्द घरात बंद केला. रसायनाला तो लावू नका. विहीर कोणामुळे ‘बाटली’ याची चर्चा आमच्या गावात एकदा होऊन गेली आहे.

शुद्धमती
शब्दाचा काय दोष? अर्थ बदलतात.

निळी_पहाट
बदलले की सांगा.

सावजी_तिखट
ताई बरोबर बोलल्या. आणि ‘नवज्ञात’ ऐकून काकाजी म्हणतील, कोनाचा पोरगा?

जुना_तलाठी
प्रमाण किती असतं हो? लोक तेच विचारतील.

परीक्षानळी
अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन्हींसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. म्हणजे लाख कोटी भागांत चार.

मुळशोध्या
लाख कोटी म्हणजे महापद्म! अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. ‘महापद्मांश’ असा सुटसुटीत शब्द होईल.

सावजी_तिखट
मले हार्ट अटॅक आनता काय? लाख कोटीच लिहा, बजेटात ऐकून ऐकून पाठ आहे सगळ्यायले.

पळसपान
पत्रक उद्या छापायला जातं. ‘आधी कोणी न तपासलेली रसायनं’ असं लिहिलंय. काकाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मंग काहून नाही तपासली?” हा प्रश्नच मथळा केला. ‘कचरा’ तसाच ठेवलाय, पण पुढे ‘कारखान्याचा’ जोडलाय.

शुद्धमती
‘कारखाना’ फारसी आहे.

मुळशोध्या
ते असो. घात स्त्रीलिंगी फक्त आमच्याच तालुक्यात आहे का? यवतमाळ, वाशीमकडच्यांनी सांगावं. आमच्या सासुरवाडीला वाफसा म्हणतात आणि मला हसतात.