“भावकॉपी उतरवा, झालं” म्हणणाऱ्यांना

कोथरूडकर: काल इथे एकाने लिहिलं, “डेटा सर्व्हिस बंद पडली म्हणून गळे काढू नका. एनएसईच्या भावकॉप्या (शेअर बाजाराच्या रोजच्या भावांच्या फाइली) उतरवा, दोन दिवसांत डेटाबेस परत उभा.” माझा बारा वर्षांचा शेअरच्या भावांचा डेटा त्या सर्व्हिसवर होता. एका सकाळी लॉगिनच होईना. तेव्हापासून तीन आठवडे मी भावकॉप्याच उतरवतोय, म्हणून सांगतो.

भावकॉपीत त्या दिवशीचा कच्चा भाव असतो. इन्फोसिसने डिसेंबर २०१४, जून २०१५ आणि सप्टेंबर २०१८ अशा तीन वेळा एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट; दर वेळी भाव निम्मा. म्हणून माझ्या डेटातला डिसेंबर २०१४ च्या बोनसआधीचा प्रत्येक भाव आठाने भागायचा. नाही भागला तर चार्टवर शेअर एका रात्रीत निम्मा झालेला दिसतो आणि सिस्टीम (खरेदी-विक्री सुचवणारा प्रोग्राम) विक्रीचा सिग्नल देते. हे काम प्रत्येक स्क्रिपचं, म्हणजे शेअरचं, करायचंय. जुलै २०२४ पासून फाइलचे कॉलमही बदललेत, त्यामुळे फाइल वाचणारी माझी जुनी स्क्रिप्ट तिथेच अडते.

घाटकोपर४: ती पोस्ट माझीच. बोनस, स्प्लिटच्या (एका शेअरचे अनेक केल्याच्या) तारखा एक्सचेंजवर उघड आहेत, बसून भरा. मे २०१७ मध्ये याहूवरून भावांच्या सीएसव्ही फाइली उतरवायची वाट बंद झाली तेव्हाच सगळ्यांना कळायला हवं होतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा डेटा आपला नसतो. बारा वर्षांत एकदाही बॅकअप घेतला नाहीत, त्यात चूक कुणाची?

कोथरूडकर: पैसे भरत होतो मी! दरवर्षी, न चुकता.

सातारी काका: तुम्ही दोघे जिवंत कंपन्यांचंच बोलताय. आजच्या यादीवरून डेटाबेस बांधलात तर सत्यम, ती घोटाळ्यात बुडालेली आयटी कंपनी, त्यात येणारच नाही. २०१३ मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली. ७ जानेवारी २००९ ला मी ब्रोकरच्या ऑफिसात उभा होतो. आदल्या दिवशी १७९ च्या आसपासचा शेअर, संध्याकाळी चाळीस. भावाच्या लग्नाचे पैसे होते त्यात. माझ्या डेटाबेसमधून तो दिवस गेलेला मला चालणार नाही.

घाटकोपर४: काका, वाईट वाटलं. पण मेलेल्या स्क्रिपवर आज कोण ट्रेड करणार? कशाला ओझं?

सातारी काका: ओझं? बुडालेल्या कंपन्या काढून टाकल्या की कुठलीही सिस्टीम नफ्यातच दिसते! त्या बॅकटेस्टवर (जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीवर) विसंबून पोरं घरचे पैसे लावतात. माझ्या पुतण्याने लावले. तुम्ही एकही बुडती कंपनी पोर्टफोलिओत धरलेली दिसत नाही.

घाटकोपर४: धरली होती. डीएचएफएल, ती बुडालेली गृहकर्जवाली. त्यावर बोलायचं नाही मला.

मृ_नाशिक: कोथरूडकर, तुमची स्क्रिप्ट शनिवार-रविवार वगळते का? १२ नोव्हेंबर २०२३ चे मुहूर्ताचे सौदे रविवारी झाले, १ फेब्रुवारी २०२० ला बजेटसाठी शनिवारी बाजार चालू होता. आणि फक्त ईक्यू (नेहमीच्या सौद्यांची) सिरीज घेत असाल तर शेअर बीईमध्ये (डिलिव्हरी सक्तीच्या सिरीजमध्ये) असतानाचे दिवस गळतील.

मुख्य म्हणजे अ‍ॅमीब्रोकर हे चार्टचं सॉफ्टवेअर वापरत होतात ना? डेटाबेस सेटिंगमध्ये लोकल स्टोरेज चालू असेल तर आलेला डेटा तुमच्याच डिस्कवर आहे. आधी फोल्डरची कॉपी करा, मग डेटा सोर्स लोकल करून उघडा. ते सोडून भावकॉपीच्या मागे का लागलात?

कोथरूडकर: हे मला तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं कुणीतरी. जुन्या लॅपटॉपवर फोल्डर मिळाला. मार्च २०२४ पर्यंतचे ईओडी (दिवसअखेरचे) भाव आहेत. सत्यमही आहे, काका.

मृ_नाशिक: नंतरचे भाव नुसते पुढे जोडू नका. रिलायन्सचा ऑक्टोबर २०२४ चा एकास एक बोनस त्यात नाही. आधीचे भाव निम्मे, व्हॉल्यूम दुप्पट, मगच जोडा.

घाटकोपर४: म्हणजे मार्च २०२४ नंतरचं भावकॉपीतूनच भरायचंय. एवढं तरी माझं बरोबर होतं. दोन दिवस म्हटलं ते मागे घेतो.

सातारी काका: सत्यमची फाइल मला पाठवा. २००८ पासूनची.